बालमधुमेह आणि समाजाचा आधार

१. दीर्घकालीन आजार म्हणजे काय?

ताप, गोवर, पडसे यांसारखे आजार येतात आणि जातात. मूल काही दिवस शाळेस मुकते, औषध घेते आणि पुन्हा पूर्वीप्रमाणे खेळू लागते. परंतु काही आजार असे आहेत की ते एकदा जडले म्हणजे पुष्कळ वर्षे, आणि कित्येकदा जन्मभर, सोबत राहतात. दमा, अपस्मार, थॅलॅसीमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आणि मधुमेह हे अशा आजारांपैकी होत. यांस दीर्घकालीन आजार असे म्हणतात.

अशा आजाराने पीडलेले मूल बहुतेक काळ रुग्णालयात नसते. ते घरी असते, शाळेत असते, मैदानावर असते, सणासमारंभात असते. त्यामुळे त्याचे आरोग्य केवळ डॉक्टरांच्या हाती राहत नाही. त्याच्याभोवतीची माणसे काय जाणतात आणि कशी वागतात यावरही ते अवलंबून असते. ही गोष्ट बालमधुमेहाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. म्हणून येथे त्या एकाच आजाराचा विचार केला आहे.

२. रोगाचे स्वरूप

जठराच्या मागील बाजूस स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. तिच्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन संशोधकाने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले. या बेटांतील काही पेशी इन्सुलिन हा स्राव निर्माण करतात. अन्नापासून झालेली शर्करा रक्तातून शरीराच्या पेशींत शिरावयाची तर इन्सुलिनची आवश्यकता असते. इन्सुलिन नसेल तर शर्करा रक्तातच साचते आणि पेशी मात्र उपाशी राहतात.

मुलांत सामान्यतः आढळणाऱ्या मधुमेहास पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. प्रौढ वयात होणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह याहून निराळा असतो; त्यात शरीरात काही इन्सुलिन असते, पण त्याचा परिणाम अपुरा होतो. मधुमेहाचे असे भेद प्राचीन भारतीय वैद्यांच्याही ध्यानात आले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगून पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, असे नमूद केले आहे.

या रोगाची लक्षणे ओळखणे कठीण नाही. मुलास वारंवार तहान लागते, वारंवार लघवीस जावे लागते, भूक असूनही वजन घटते आणि थकवा येतो. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. याकडे दुर्लक्ष झाल्यास रक्तात आम्ल पदार्थ साठतात. उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल व जलद चालतो, श्वासास पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि शेवटी मूल बेशुद्ध होते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. जो शिक्षक तासातून वारंवार बाहेर जाऊ मागणाऱ्या मुलास केवळ रागावत नाही, तर त्याच्या पालकांस बोलावून रक्ततपासणी करून घेण्यास सांगतो, तो कदाचित त्या मुलाचे प्राण वाचवीत असतो.

या रोगाविषयी तीन गोष्टी सर्वांनी पक्क्या ध्यानात ठेवावयास हव्यात. हा रोग संसर्गजन्य नाही. मुलाने गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. म्हणून मातापित्यांस दोष देणे अन्यायाचे आहे. तसेच कोणताही काढा, चूर्ण वा व्रत इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इतरांच्या आग्रहाला बळी पडून इन्सुलिन बंद केल्यास मुलाचे प्राण थोड्याच दिवसांत धोक्यात येतात.

३. इन्सुलिनचा शोध

१८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबर्ग येथे कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्यास मधुमेह झाल्याचे आढळले. रोगाचे मूळ कोठे आहे हे यावरून समजले. परंतु उपाय सापडण्यास आणखी तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. तोवर मधुमेही मुलांस अत्यल्प अन्नावर ठेवीत असत. त्यामुळे त्यांचे आयुष्य काही महिने, क्वचित काही वर्षे लांबत असे. पण मुले हाडांचा सापळा होऊन जात.

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढण्याचे प्रयोग सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड टॉम्प्सन या मरणोन्मुख किशोरास त्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याचा परिणाम समाधानकारक झाला नाही. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीस पुन्हा उपचार सुरू झाले. या वेळी रक्तातील शर्करा उतरली व मुलास शक्ती येऊ लागली. तो पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांस मिळाले. शोधाचे एकस्व संशोधकांनी टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र मोबदल्यात देऊन टाकले.

इन्सुलिनने मुले वाचू लागली, परंतु रोग बरा झाला नाही. ज्या मुलाचे मरण काही महिन्यांवर होते, त्याच्यापुढे आता संपूर्ण आयुष्य उभे राहिले, आणि ते आयुष्य रोज सुई टोचून, अन्न मोजून जगावयाचे होते. मुलांस सामाजिक आधाराची गरज का भासू लागली, याचे उत्तर येथे सापडते.

४. वर्षातील ८,७६० तास

बालमधुमेहाच्या उपचारात सामान्यतः दिवसाकाठी चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. म्हणजे एका वर्षात सुमारे १,४६० वेळा सुई टोचून घ्यावी लागते. शिवाय बोटास टोचून रक्ताचा थेंब काढणे व ग्लुकोमीटरच्या पट्टीवर शर्करा पाहणे हेही दिवसातून अनेक वेळा करावे लागते. किती खाल्ले, किती खेळले, ताप आहे काय, उद्या परीक्षा आहे काय, या प्रत्येक गोष्टीचा परिणाम शर्करेवर होत असतो.

आता वर्षाचा हिशेब पाहावा. वर्षात ८,७६० तास असतात. दर तीन महिन्यांनी एकदा अर्धा तास, या हिशेबाने मूल वर्षातून केवळ दोन तास डॉक्टरांसमोर असते. उरलेल्या ८,७५८ तासांत सर्व निर्णय मुलाला, घरच्या माणसांना आणि शाळेला घ्यावे लागतात.

हे निर्णय किती महत्त्वाचे आहेत हे अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. त्यात १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांनी भाग घेतला. ज्यांनी रक्तशर्करा काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे विकार पुष्कळ कमी झाले. आरंभी ज्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता, त्यांच्यात नेत्रपटलाच्या विकाराचा धोका सुमारे तीनचतुर्थांशाने घटला. परंतु याच गटात शर्करा एकाएकी धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. उपचार जितका काटेकोर, तितकी जवळच्या माणसांची सावधगिरी अधिक हवी, असा याचा अर्थ होतो. तसेच काटेकोर उपचार घेणाऱ्या रुग्णांस परिचारिका, आहारतज्ज्ञ व डॉक्टर यांच्याशी वारंवार बोलता येत असे, ही गोष्टही विसरता कामा नये. त्यांच्या हाती नुसते औषध देऊन त्यांस घरी पाठविलेले नव्हते.

५. आधाराचे चार प्रकार

आधार हा शब्द सैलपणे वापरला जातो. शास्त्रीय विचारात मात्र त्याची फोड करावी लागते. सिडनी कॉब या अमेरिकन वैद्याने १९७६ मध्ये असे प्रतिपादिले की, आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे, आपणास मान आहे आणि परस्परांच्या उपयोगी पडणाऱ्या समूहाचे आपण घटक आहोत, ही जाणीव म्हणजेच सामाजिक आधार होय. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले.

पहिला भावनिक आधार: मुलाचे म्हणणे ऐकणे, त्यास धीर देणे. दुसरा प्रत्यक्ष मदतीचा आधार: इन्सुलिन आणून देणे, पैशाची तजवीज करणे, सहलीत सोबत राहणे. तिसरा माहितीचा आधार: रोगाविषयी खरी व वेळेवर माहिती देणे. चौथा मूल्यमापनाचा आधार: मुलाने जे नीट केले त्याची दखल घेणे आणि जे चुकले ते न हिणवता दाखवून देणे.

हे चारही प्रकार एकाच व्यक्तीकडून मिळावेत अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आई प्रेम देईल, पण तिला माहिती नसेल. डॉक्टर माहिती देतील, पण मैदानावर ते सोबत नसतील. वर्गमित्र सोबत असेल, पण पैसा देऊ शकणार नाही. म्हणून मुलाभोवती माणसांचे वर्तुळ असावे लागते.

६. घर

घरात रोगाचा भार बहुधा आईवर पडतो. स्वयंपाक, इंजेक्शन, रात्री उठून शर्करा पाहणे ही सर्व कामे तिची होतात, आणि शर्करा वाढली म्हणजे बोलही तिलाच लागतो. वडील, आजी, काका, मोठी भावंडे यांपैकी निदान आणखी एकाने इंजेक्शन देणे व शर्करा पाहणे शिकून घेतले, तर आईचा भार हलका होतो आणि अडचणीच्या वेळी मुलाची सुरक्षितता वाढते. आजारी मुलाकडेच सर्वांचे लक्ष लागल्यामुळे निरोगी भावंडे मनातून दुखावली जातात, याचेही भान ठेवावे.

मधुमेही मुलासाठी निराळा स्वयंपाक करण्याची गरज नसते. भात, पोळी, इडली, डाळ हेच अन्न त्याने प्रमाण जाणून खावयाचे असते. सणासुदीचा प्रश्न मात्र नाजूक असतो. गणेशचतुर्थीचा मोदक, ईदचा शीरखुर्मा, पोंगलचा गोड भात किंवा दुर्गापूजेतील संदेश सर्वांच्या पानात असताना एका मुलाचे पान रिकामे ठेवले, तर ते मूल पुढे चोरून खाऊ लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनची मात्रा जुळवून थोडे गोड खाता येते. लपविण्याची पाळी न आणणे हे उपचाराच्या दृष्टीनेही हिताचे असते.

मूल दहाबारा वर्षांचे झाले म्हणजे स्वतः इंजेक्शन घेऊ शकते. ते पाहून पालक निर्धास्त होतात आणि सर्व जबाबदारी त्याच्यावर टाकतात. ही चूक होय. हात कुशल झाले, तरी मात्रा ठरविण्याचा विवेक अद्याप आलेला नसतो. बॉस्टन येथील जॉस्लिन केंद्रात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, किशोरवयातही पालक व मूल यांनी कामे वाटून घेतली, तर शर्करा आटोक्यात राहण्यास मदत होते आणि घरातील भांडणेही वाढत नाहीत.

७. शाळा

मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असते. तेथे सर्वांत मोठी भीती रक्तशर्करा एकाएकी उतरण्याची असते. बोलण्यात यास ‘शुगर लो होणे’ असे म्हणतात. शर्करा १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली गेली, तर मुलास घाम सुटतो, हात थरथरतात, भूक लागते, ते चिडते किंवा गोंधळते. शिक्षकास हा खोडकरपणा किंवा आळस वाटण्याचा संभव असतो.

अशा वेळी करावयाची कृती सोपी आहे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर त्यास ताबडतोब सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी शर्करा पुन्हा पाहावी आणि ती चढली नसेल, तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. जेवणास अवकाश असल्यास नंतर काही खाण्यास द्यावे. त्यास एकट्यास घरी वा दुसऱ्या खोलीत पाठवू नये. मूल बेशुद्ध असेल किंवा त्यास झटके येत असतील, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवून तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन जवळ असेल व ते देण्याचे शिक्षण कोणास मिळालेले असेल, तर ते द्यावे.

यासाठी शाळेस मोठा खर्च येत नाही. वर्गाच्या कपाटात ग्लुकोजची पुडी, पालकांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, आणि वरील कृती लिहिलेला एक कागद एवढे पुरेसे असते. इंजेक्शन घेण्यासाठी मुलास स्वच्छ व आडोशाची जागा मिळावी. शौचालयात जाऊन सुई टोचून घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. खेळ, कवायत, सहल यांतून त्यास वगळू नये. व्यायामाने शर्करा उतरते, म्हणून खेळापूर्वी शर्करा पाहावी व लागल्यास थोडे खावे, एवढीच दक्षता पुरेशी असते.

परीक्षेच्या बाबतीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये महत्त्वाचे पाऊल उचलले. दहावी व बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींस साखरेच्या गोळ्या, फळे, अल्पोपाहार व पाण्याची लहान बाटली परीक्षागृहात नेण्याची अनुज्ञा मंडळाने दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांस लिहून कळविले की, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार अशा मुलांस शाळेत रक्तशर्करा तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची व मधल्या वेळी खाण्याची मोकळीक असावी. असे आदेश कागदावर राहू नयेत म्हणून प्रत्येक मुख्याध्यापकाने त्यांची माहिती आपल्या शिक्षकांस करून देणे आवश्यक आहे.

८. सोबती

मधुमेही मुलास पुष्कळदा असे वाटते की, जगात आपण एकटेच असे आहोत. गावात दुसरे तसे मूल नसेल, तर त्याचे हे वाटणे स्वाभाविकच असते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत डॉक्टर लेनर्ड वेंट यांनी १९२५ मध्ये मधुमेही मुलांचे शिबिर सुरू केले. शिबिरात सर्वच मुले सुई टोचून घेतात. त्यामुळे तेथे कोणी वेगळे ठरत नाही. लहान मुले मोठ्यांकडे पाहून शिकतात आणि एरवी सुईला भिणारे मूल चार दिवसांत स्वतः इंजेक्शन घेऊ लागते.

इंग्लंडमध्ये डॉक्टर रॉबिन लॉरेन्स स्वतः मधुमेही होते व इन्सुलिनमुळेच १९२३ मध्ये मरणाच्या दारातून परत आले होते. त्यांनी सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांच्या सहकार्याने १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना स्थापन केली. वेल्स हेही मधुमेहीच होते. रुग्णांनी एकमेकांस मदत करावी आणि सर्वांस उपचार मिळावा म्हणून एकत्र आवाज उठवावा, हा तिचा हेतू होता.

वर्गातील सोबत्यांचाही वाटा लहान नाही. मुलाची व पालकांची संमती घेऊन शिक्षकाने वर्गास रोगाची माहिती दिली, तर चिडविणे थांबते. शेजारच्या बाकावरील मित्र ‘तुला घाम आला आहे, साखर घे’ असे वेळेवर सांगू शकतो. मुलाची इच्छा नसेल, तर मात्र त्याचा आजार सर्वांसमोर बोलून दाखवू नये.

९. समाज आणि शासन

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील मधुमेही मुलामुलींची संख्या भारतात दोन लाखांहून अधिक होती. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती. यांतील पुष्कळ मुले अशा कुटुंबांतील आहेत की, ज्यांस इन्सुलिन, सुया व तपासणीच्या पट्ट्या यांचा दरमहाचा खर्च झेपत नाही. मग पट्ट्या वाचविण्यासाठी तपासणी टाळली जाते, कधी मात्राही कमी केली जाते. अशा घरास उपदेशापेक्षा प्रत्यक्ष मदतीची गरज अधिक असते. नागपूर येथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या ड्रीम ट्रस्ट या संस्थेने गरीब मधुमेही मुलांस विनामूल्य इन्सुलिन पुरविण्याचे कार्य हाती घेतले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या रोगाच्या उपचाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

इन्सुलिन टिकविणे हाही एक प्रश्न आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तपमानात ठेवावी लागते, आणि ती गोठूही द्यावयाची नसते. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे मातीच्या मडक्याचा उपयोग होतो. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते व आतील भाग बाहेरच्यापेक्षा थंड राहतो. राजस्थान किंवा विदर्भ येथील कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते. कोकण किंवा बंगालच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो. तेथे शीतकपाट असलेल्या शेजाऱ्याने किंवा औषध-दुकानदाराने कुपी ठेवून घेतली, तर तेही मोठे साहाय्य ठरते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आढळते. पुढे विवाह जमणार नाही या भीतीने काही कुटुंबे मुलीचा आजार लपवून ठेवतात. शाळेत कोणास ठाऊक नाही म्हणून दुपारचे इंजेक्शन टाळले जाते आणि शर्करा उतरली तरी मुलगी साखर मागत नाही. या लपविण्याने रोगापेक्षा अधिक हानी होते. योग्य उपचार घेणारी मधुमेही मुलगी शिक्षण घेऊ शकते, नोकरी करू शकते, विवाह करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होऊ शकते. ही माहिती गावात पोचविणे हे ग्रंथालये, महिला मंडळे व शिक्षक यांचे काम आहे.

१०. समारोप

इन्सुलिन नसेल तर नुसत्या प्रेमाने मधुमेही मूल जगू शकत नाही. आणि इन्सुलिन असले तरी ते वेळेवर, योग्य मात्रेत आणि न भिता घेता येण्यासाठी घर, शाळा व शेजार यांची साथ लागते. दमा, अपस्मार किंवा सिकलसेल असलेल्या मुलांविषयीही हेच म्हणता येईल. प्रत्येक आजाराची औषधे व दक्षता निराळी असली, तरी मुलाची गरज समानच असते. अशी मुले दयेची अपेक्षा करीत नाहीत. आपल्या आजाराविषयी इतरांनी नीट माहिती करून घ्यावी आणि बाकी बाबतींत आपणास इतर मुलांसारखेच वागवावे, एवढेच त्यांस हवे असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात कोणता फरक आहे?

२. रक्तशर्करा एकाएकी उतरल्याची लक्षणे कोणती? मूल शुद्धीवर असताना व बेशुद्ध असताना करावयाच्या कृतींत फरक का करावा लागतो?

३. आधाराचे चार प्रकार सांगून प्रत्येकाचे एक उदाहरण स्वतःच्या गावातील किंवा शाळेतील परिस्थितीवरून द्या.

४. ओल्या वाळूच्या मडक्यातील हवा थंड का राहते? दमट हवेत हा परिणाम कमी का होतो? दोन मडकी घेऊन व तपमापक ठेवून हा प्रयोग करून पाहा.

५. एखाद्या शाळेत मधुमेही मूल नव्याने दाखल झाले आहे. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व वर्गमित्र यांनी काय काय करावे, याची यादी तयार करा.